दोन ऑलिंपिक पाहिलेली लोकल : जपानच्या सेकंडहँड गाड्यांचा दुसरा जन्म

१/
जानेवारी २०२३. चहूबाजूंनी डोंगरांनी वेढलेल्या जपानमधील नागानो खोऱ्यात एका जुन्या लोकलने अखेरची फेरी केली. तिची रचना १९६१ सालची, आणि ती घडवली होती टोकियोच्या भुयारी मार्गासाठी. टोकियोने या जातीच्या गाड्यांना १९९४ सालीच निरोप दिला होता. त्यानंतरही त्यांतल्या काही जवळजवळ तीस वर्षे धावत राहिल्या. गाव बदलले, रूळ बदलले, उतारू बदलले, गाडी तीच राहिली. १९६४चे टोकियो ऑलिंपिक आणि १९९८चे नागानो हिवाळी ऑलिंपिक, या दोन्ही सोहळ्यांच्या काळात या एकाच जातीच्या डब्यांनी माणसे वाहून नेली.

२/
जपानची रेल्वे म्हटली की डोळ्यांसमोर बुलेट ट्रेन उभी राहते. परंतु त्याच देशातील अनेक छोट्या खासगी रेल्वे मोठ्या शहरांनी उतरवलेल्या गाड्यांवर चालतात. थोरल्या भावाचा सदरा धाकट्याच्या अंगावर यावा, तसे हे चालते. या व्यवहाराकडे दोन नजरांनी पाहिले जाते. हौशी मंडळींना त्यात गतकाळाची गोडी दिसते. इतरांना गरिबीची तडजोड दिसते. दोन्ही दृष्टी अपुऱ्या आहेत. जुनी गाडी छोट्या रेल्वेला एक अतिशय मोलाची वस्तू मिळवून देते, ती म्हणजे वेळ. त्या वेळेचे पुढे काय करायचे, हे मात्र गाडी ठरवत नाही, गाव ठरवते.

३/
कथेचा आरंभ टोकियोतून. १९६१ साली हिबिया मार्गाचा पहिला टप्पा सुरू झाला आणि २९ ऑगस्ट १९६४ रोजी, ऑलिंपिकच्या तोंडावर, तो मार्ग पूर्ण झाला. युद्धातून सावरलेल्या देशाला जगासमोर उभे राहायचे होते. रस्ते खणले जात होते, इमारती उठत होत्या, आणि जमिनीखालून नवी लोकल धावू लागली होती. हिबिया मार्गाचे वैशिष्ट्य असे की त्याच्या दोन्ही टोकांना खासगी उपनगरी रेल्वे जोडलेल्या होत्या; एकीकडे तोबू, दुसरीकडे तोक्यू. उपनगरातून निघालेली गाडी न बदलता उतारू थेट शहराच्या पोटात पोहोचत असे.

४/
या मार्गासाठी बनलेली गाडी म्हणजे ३००० मालिका. पोलादी सांगाड्यावर स्टेनलेस स्टीलचा पन्हळी पत्रा, १८ मीटर लांबीचा डबा, प्रत्येक बाजूला तीन दरवाजे आणि गोलसर कपाळ. त्या कपाळामुळे रेल्वेप्रेमींनी तिला एका जातीच्या देवमाशाचे नाव दिले. १९६१ ते १९७१ या दशकात असे ३०४ डबे तयार झाले. तिच्यात एक गुण असा होता, जो पुढे फार उपयोगी पडला : तिचा प्रत्येक डबा मोटारीचा होता. म्हणजे ओढणारे निराळे आणि ओढले जाणारे निराळे, असा भेद तिच्यात नव्हता.

५/
१९८८पासून हिबिया मार्गावर ०३ मालिकेच्या नव्या गाड्या येऊ लागल्या. जुन्या गाड्यांना अखेरपर्यंत वातानुकूलन मिळाले नव्हते आणि विजेच्या वापरातही त्या मागे पडल्या होत्या. म्हणून त्या हटवण्यात आल्या. त्या मोडकळीला आल्या नव्हत्या, ही गोष्ट इथे महत्त्वाची आहे. महानगरातील गाडी निवृत्त होते ती बहुधा शहराच्या अपेक्षा वाढतात म्हणून. पत्रा शाबूत असतो, मोटारी फिरत असतात, ब्रेक लागत असतात. शिवाय टोकियोच्या उतारूंनी तिकिटांच्या पैशांतून त्या गाडीची किंमत केव्हाच फेडलेली असते.

६/
आता टोकियोकडून नागानोकडे. नागानो इलेक्ट्रिक रेल्वेचे मूळ १९२० साली स्थापन झालेल्या कातो रेल्वेत आहे. कातो म्हणजे नदीच्या पूर्वेकडचा प्रदेश. नदी अर्थात चिकुमा. १९२२ साली याशिरो ते सुझाका हा तिचा पहिला मार्ग सुरू झाला आणि १९२६ साली दुसऱ्या एका कंपनीशी विलीनीकरण होऊन आजचे नाव रूढ झाले. एका टोकाला प्राचीन झेंकोजी मंदिराचे नागानो शहर, मध्ये सफरचंदाच्या बागा, आणि दुसऱ्या टोकाला युदानाका हे गरम पाण्याच्या झऱ्यांचे गाव. भाविक, बागायतदार, विद्यार्थी आणि स्नानासाठी येणारे प्रवासी, सर्वांचा भार या रेल्वेने वाहिला.

७/
ही रेल्वे आरंभापासून दुसऱ्यांच्या गाड्यांवर अवलंबून नव्हती, हे तरुण वाचकांनी लक्षात ठेवावे. १९५७ साली तिने स्वतःसाठी २००० मालिकेची देखणी जलद गाडी बनवून घेतली. १९६६ साली नोकरदार आणि विद्यार्थी यांच्यासाठी चार दरवाजांची प्रशस्त लोकल आणली. तिचे नावच मुळी ऑफिस आणि स्टुडंट या शब्दांच्या आद्याक्षरांवरून ‘ओएस’ असे ठेवले होते. त्या गाडीला १९६७ साली जपानमधील रेल्वेप्रेमी मंडळाचा लॉरेल पुरस्कार मिळाला. त्या काळी युएनोहून युदानाकापर्यंत थेट गाड्याही येत. खोऱ्यातील ही रेल्वे स्वतःच्या पायांवर ताठ उभी होती.

८/
मग मोटारगाडी आली. जपानच्या ग्रामीण भागात घरोघरी मोटार पोहोचली, तरुण पिढी महानगरांकडे वळली आणि लोकलमध्ये शाळकरी मुले व वृद्ध एवढेच नियमित उतारू उरू लागले. टोकियोहून येणारी थेट गाडी १९८२ साली बंद झाली. उत्पन्न घटले, मात्र रूळ, पूल, तारा आणि गाड्या यांचा खर्च उतारूंच्या प्रमाणात घटत नाही. डब्यात दहा माणसे असोत की शंभर, पुलाची तपासणी करावीच लागते. छोट्या रेल्वेची सारी कोंडी या एका वाक्यात सामावते.

९/
याच काळात नागानो शहराने एक मोठा निर्णय घेतला. शहरातील फाटकांमुळे रस्ते अडत होते, म्हणून नागानो ते झेंकोजीशिता हा भाग जमिनीखाली नेण्यात आला. मार्च १९८१मध्ये तो बोगदा वापरात आला. बोगद्यात धावणाऱ्या गाड्यांसाठी आगीपासून संरक्षणाचे नियम कडक असतात. कंपनीच्या जुन्या डब्यांपैकी अनेक डबे त्या कसोटीला उतरणारे नव्हते. शहर आधुनिक होत होते आणि त्या आधुनिकतेची किंमत एका छोट्या कंपनीला एकदम नव्या गाड्यांच्या रूपाने मोजावी लागणार होती.

१०/
उत्तर टोकियोतच सापडले. १९७७पासून तोक्यू कंपनीच्या ५००० मालिकेचे डबे नागानोत येऊ लागले. १९५४ साली जन्मलेली ही हलक्या बांधणीची, फुगीर अंगाची गाडी टोकियोत हिरव्या रंगामुळे ‘हिरवा बेडूक’ म्हणून ओळखली जात असे. नागानोत तिला लाल आणि मलई रंग मिळाला आणि लोकांनी तिचे नाव ‘लाल बेडूक’ करून टाकले. पुढे १९९०च्या दशकात बेडकांची जागा घ्यायची वेळ आली, तेव्हा हिबिया मार्गाच्या ३००० मालिकेचे ३९ डबे खोऱ्यात आले. १९९३ साली ते ३५०० मालिका या नव्या नावाने धावू लागले. पुढे त्यांतील तीन डब्यांच्या गाड्या ३६०० मालिका म्हणून ओळखल्या गेल्या.

११/
जुनी गाडी विकत घेणे म्हणजे जुने कपाट विकत घेणे नव्हे. चार गोष्टी जुळाव्या लागतात : रुळांची रुंदी, विजेचा दाब, वीज घेण्याची पद्धत आणि डब्याची लांबी. हिबिया मार्गाचे रूळ १,०६७ मिलिमीटर रुंदीचे, वीज १,५०० व्होल्ट आणि तीही वरच्या तारेतून पेंटोग्राफने घेतलेली. नागानोतही नेमके हेच. १८ मीटरचा डबा छोट्या फलाटांना आणि वळणांना सोयीचा. भुयारासाठीच जन्मलेली असल्याने आगीचे नियमही ती आधीच पाळत होती. शिवाय प्रत्येक डबा मोटारीचा असल्यामुळे आठ डब्यांच्या गाडीतून दोन डब्यांची गाडी काढणे तुलनेने सोपे ठरले.

१२/
हे जुळले नाही तर काय होते, याचे उदाहरण कुमामोतोत सापडते. टोकियोच्या गिन्झा मार्गाची ०१ मालिका २०१५ साली कुमामोतो इलेक्ट्रिक रेल्वेकडे गेली. गिन्झा मार्गाचे रूळ १,४३५ मिलिमीटरचे आणि वीज रुळांशेजारच्या तिसऱ्या रुळातून मिळणारी. म्हणून डब्यांखालच्या चाकांच्या चौकटी बदलल्या गेल्या आणि छतावर पेंटोग्राफ बसवला गेला. गंमत अशी की बसवलेल्या चौकटी कार्बन फायबर वापरून बनवलेल्या, अगदी नव्या तंत्राच्या होत्या. वर जुने शरीर आणि खाली नवे पाय! ‘सेकंडहँड’ या शब्दात किती नवे श्रम दडलेले असतात, हे त्यावरून कळावे.

१३/
नागानोतही डबे आले तसे रुळांवर सोडले गेले नाहीत. मधले डबे वगळून दोन-दोन, तीन-तीन डब्यांच्या गाड्या जुळवण्यात आल्या. टोकियोत बर्फ क्वचित, इथे हिवाळाभर. म्हणून थंडी आणि बर्फ यांना तोंड देतील असे बदल केले गेले. पन्हळी पत्र्यावर लाल पट्टा आला. काही गाड्यांना तर टोकियोत कधी न मिळालेले वातानुकूलनही इथे लाभले. सुझाकाच्या कारशेडमधील कारागिरांनी, सुटे भाग दुर्मिळ होत गेले तरी, या गाड्या दशकानुदशके चालत्या ठेवल्या. महानगराने ज्या यंत्राचा हिशेब बंद केला होता, त्याचा दुसरा हिशेब या हातांनी उघडला.

१४/
फेब्रुवारी १९९८. हिवाळी ऑलिंपिकसाठी जग नागानोत उतरले. डोंगर उतारांवरील स्कीइंगच्या काही स्पर्धा शिगा कोगेनला होत्या, आणि शिगा कोगेनच्या वाटेवरचे रेल्वे स्थानक म्हणजे युदानाका. ३५०० मालिकेच्या गाड्या तेव्हा याच मार्गावर धावत होत्या. १९६४ साली उन्हाळी खेळांच्या नगरीत, तर १९९८ साली हिवाळी खेळांच्या नगरीत. आदल्याच वर्षी नागानोला बुलेट ट्रेन पोहोचली होती आणि साऱ्या छायाचित्रांत तीच झळकली. स्थानकाबाहेरच्या बोगद्यातून निघणाऱ्या पस्तीस वर्षांच्या जुन्या लोकलकडे फारसे कुणाचे लक्ष गेले नसावे.

१५/
२००७ साली एक हृद्य प्रसंग घडला. नागानोतील डब्यांत ३००१ आणि ३००२ या मूळ क्रमांकांची जोडीही होती. म्हणजे हिबिया मार्गाच्या पहिल्या पिढीतील अगदी आरंभीचे डबे. निवृत्तीनंतर ही जोडी टोकियोला परत नेण्यात आली आणि जतन केली गेली. इथे इतिहासाच्या अभ्यासकांनी क्षणभर थांबावे. टोकियोचा हा ठेवा टोकियोत इतकी वर्षे टिकला नव्हता. तो टिकला एका डोंगराळ खोऱ्यात, कारण तिथे त्याला रोजचे काम होते. जतन करण्याची सर्वांत जुनी रीत म्हणजे वापरत राहणे.

१६/
पुढे पाहुणे वाढले. २००५ साली तोक्यूची ८५०० मालिका आली. २००६ साली ओदाक्यू कंपनीची १९८७ सालची प्रसिद्ध रोमान्सकार आली. अकरा छोट्या डब्यांची ती गाडी चार डब्यांची झाली आणि गरम झऱ्यांवरील वाफेवरून तिचे ‘युकेमुरी’ असे नामकरण झाले. तिच्यात मोटारमन छताच्या वर, शिडीने चढून बसतो आणि पुढच्या मोठ्या काचेमागची जागा उतारूंना मिळते. २०११ साली विमानतळाची नारिता एक्स्प्रेस आली आणि बर्फातल्या माकडांच्या नावाने ‘स्नो मंकी’ झाली. एकाच छोट्या रेल्वेवर टोकियोच्या अर्धशतकाचे जणू चालते संग्रहालय उभे राहिले.

१७/
तथापि या चित्राला दुसरी बाजू आहे आणि ती झाकणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. ओदाक्यूची ती रोमान्सकार तुलनेने लवकर का निवृत्त झाली? तिच्या आसनांचा भाग उंच होता. आत जायला पायऱ्या चढाव्या लागत. २००० साली जपानमध्ये वृद्ध आणि अपंग प्रवाशांच्या सोयीसाठी कायदा झाला आणि ही रचना त्याला अनुकूल करून घेणे अवघड ठरले. म्हणूनच तिच्याहून जुनी, १९८० सालची रोमान्सकार २०१८पर्यंत धावली आणि ही धाकटी आधी बाजूला झाली. शहराला नकोशा झालेल्या पायऱ्या अशा रीतीने अधिक वृद्ध लोकवस्तीच्या खोऱ्यात पोहोचल्या. दान घेणाऱ्याला निवडीचे स्वातंत्र्य थोडेच असते.

१८/
भूगोलही दानाला जुमानत नाही. शिनशू-नाकानोच्या पुढे युदानाकापर्यंत हजार मीटरला चाळीस मीटर इतका तीव्र चढ आहे. तोक्यूची ८५०० मालिका महानगराच्या मार्गासाठी घडलेली. लांब उतारावर वेग आवरून धरणारी ब्रेकची व्यवस्था तिच्यात नव्हती. परिणामी ती नागानो ते शिनशू-नाकानो एवढ्याच टप्प्यात वापरली गेली. गाडी स्वस्तात मिळाली म्हणून डोंगर सपाट होत नाही. दुसऱ्याच्या गरजेसाठी शिवलेला सदरा कुठेतरी आखूड पडतोच.

१९/
सर्वांत कटू सत्य मात्र गाड्यांविषयीचे नाही. १ एप्रिल २००२ रोजी किजिमा मार्ग बंद झाला. १ एप्रिल २०१२ रोजी याशिरो मार्ग बंद झाला. होय, तोच याशिरो ते सुझाका मार्ग, ज्यावर १९२२ साली या रेल्वेचा जन्म झाला होता. त्या मार्गावर अखेरच्या काळात हिबियाचेच डबे धावत होते. ते थकले नव्हते. ते टोकियोतून निवृत्त होऊन आले, दुसरे आयुष्य जगले, आणि त्यांच्या डोळ्यांदेखत रूळच संपले. गाडी जगली, मार्ग गेला. गाडी हा रोग नव्हता, म्हणून गाडी हे औषधही ठरू शकले नाही.

२०/
आता त्याच नागानो प्रांतातील, त्याच चिकुमा नदीवरील दुसरी घटना पाहावी. उएदा शहराची बेश्शो लाइनही तोक्यूच्या जुन्या गाड्यांवर चालते. ऑक्टोबर २०१९मधील भयंकर चक्रीवादळात नदीला पूर आला आणि या मार्गाचा लाल लोखंडी पूल एका टोकाला कोसळला. मार्ग बंद करण्यासाठी याहून सबळ निमित्त दुसरे कोणते? परंतु उएदा शहराने तो पूल स्वतःच्या मालकीचा करून घेतला, त्यामुळे दुरुस्तीला सार्वजनिक निधीचा मोठा आधार मिळाला आणि २८ मार्च २०२१ रोजी गाड्या पुन्हा नदी ओलांडू लागल्या.

२१/
दोन्हीकडे गाड्या जुन्याच होत्या. फरक पडला तो निर्णयात. उएदाने असे मानले की पूल हा रस्त्यासारखा असतो. त्यावरून कोणाची गाडी जाते याला महत्त्व नाही, तो सर्वांचा असतो. रस्ते आणि नदीवरचे पूल यांच्याकडून कोणी नफ्याची अपेक्षा करीत नाही. रुळांकडून मात्र केली जाते. छोट्या रेल्वेची खरी लढाई इथे आहे. जुन्या गाडीने कंपनीचा भांडवली खर्च वाचवला, हे खरे. नव्या विजेच्या डब्याची किंमत जपानमध्ये सहज दहा कोटी येनच्या पुढे जाते. पण वाचलेला पैसा आणि मिळालेली वर्षे या प्रश्नाचे उत्तर शोधण्यात घालवली नाहीत, तर अंत केवळ लांबतो.

२२/
उत्तराचा एक भाग लोकांच्या जिव्हाळ्यातही आहे. चिबा प्रांतातील चोशी इलेक्ट्रिक रेल्वे अवघी ६.४ किलोमीटरची. २००६ साली गाड्यांच्या दुरुस्तीला पैसा नाही, म्हणून आमची तांदळाची खारी बिस्किटे विकत घ्या, असे आवाहन तिने केले आणि देशभरातून मागणी लोटली. २०१० साली तिथे आलेली गाडी तर तिसऱ्या आयुष्यात होती : आधी टोकियोची केइओ, मग शिकोकू बेटावरील इयो रेल्वे, मग चोशी. हे कौतुकास्पद आहेच. परंतु दुरून बिस्किटे मागवणारा आणि कॅमेरा घेऊन एकदा येणारा माणूस हा रोज सकाळी सातला शाळेत जाणाऱ्या मुलीची जागा घेऊ शकत नाही. मार्ग जगतो तो तिच्यामुळे, आणि तिच्यासाठी.

२३/
वेळेचा प्रश्न आता अधिक निकडीचा झाला आहे, कारण जुन्या गाड्यांचा झरा आटतो आहे. २०१७पासून हिबिया मार्गावर १८ मीटरऐवजी २० मीटरचे, चार दरवाजांचे डबे आले. छोट्या फलाटांना सोयीच्या लहान डब्यांचा एक मोठा उगम त्यामुळे बंद झाला. शिवाय आता थोरलाही जुना सदरा शोधू लागला आहे. एकेकाळी स्वतःच्या गाड्या छोट्या रेल्वेना देणाऱ्या सेइबू कंपनीने इतर कंपन्यांचे सुमारे शंभर वापरलेले डबे घेण्याची योजना जाहीर केली आणि २०२५ साली ओदाक्यूची जुनी गाडी तिच्या मार्गावर धावू लागली. तिला नाव मिळाले पर्यावरणपूरक गाडीचे. गरिबाने केली ती तडजोड, श्रीमंताने केले ते धोरण!

२४/
म्हणूनच काही छोट्या रेल्वेनी वेगळी वाट धरली. शिकोकूवरील इयो रेल्वे दशकानुदशके केइओच्या जुन्या गाड्या वापरत आली. तिने २०२५ साली स्वतःसाठी कोरी करकरीत गाडी आणली. हे सर्वांना परवडणारे नाही. पण त्यातून एक गोष्ट स्पष्ट होते : जुन्या गाड्यांनी दिलेल्या वर्षांत ज्यांनी आपला मार्ग सांभाळला, त्यांच्यापुढे आज नवी गाडी घ्यायची की जुनी, हा प्रश्न तरी शिल्लक आहे. याशिरो मार्गापुढे तो प्रश्नही उरला नाही.

२५/
शेवटी पुन्हा नागानो. २०२०च्या मे महिन्यात तिथे टोकियोहून एक गाडी आली आणि तिने हळूहळू देवमाशांची जागा घेतली. ती होती हिबिया मार्गाची ०३ मालिका. म्हणजे तीच, जिने १९८८नंतर टोकियोत देवमाशांना हटवले होते. दोन शहरांत, तीस वर्षांच्या अंतराने, त्याच धाकट्या गाडीने त्याच थोरल्या गाडीला दोनदा निरोप दिला. नागानोने तिला नवे नाव दिले ‘३००० मालिका’. नवे कसले! टोकियोत देवमाशाचे मूळ नाव नेमके हेच होते.

२६/
या नावात योगायोग शोधायचा की आदरांजली, हे ज्याचे त्याने ठरवावे. रेल्वेचा इतिहास सहसा पहिल्या धावेचा, सर्वाधिक वेगाचा, उद्‌घाटनाच्या फितीचा असतो. ३५०० मालिकेचा इतिहास दुसऱ्या धावेचा आहे. तिने सिद्ध केले की महानगराने संपलेले मानलेले आयुष्य अन्यत्र तीस वर्षे उपयोगी पडू शकते. आणि याशिरोच्या उखडलेल्या रुळांनी हेही सिद्ध केले की उपयोगी पडू इच्छिणाऱ्या गाडीलाही तिची गरज मान्य करणारे गाव लागते. तोक्योहून आलेले डबे खोऱ्याला तीस वर्षे देऊन गेले. आता नव्या ३००० मालिकेने पुढची काही वर्षे देऊ केली आहेत. ती कशी खर्च होतात, यावर नागानोच्या उरलेल्या रुळांचे भवितव्य अवलंबून आहे.